आधी गाईला विचारा, मग गिऱ्हाईकाला

या वेळच्या टपालात जनावरांच्या कल्याणाविषयीची पत्रं बरीच आली. त्यांत दोन प्रकारचे प्रश्न होते. जनावराचं बरं चाललंय की नाही हे कसं ओळखायचं, हा एक. लोकांना जनावरांच्या वापराबद्दल खरोखर काय वाटतं हे कसं मोजायचं, हा दुसरा. पुष्कळ जण दुसऱ्याच्या उत्तरावरून पहिल्याचं उत्तर ठरवतात आणि तिथेच घोळ होतो. निवडक पत्रांना उत्तरं देत आहोत.

प्रश्न : माझ्याकडे चौदा संकरित एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाई आहेत, कोब्यावर दावणीला बांधलेल्या. सगळे सांगतात, मुक्त संचार गोठा करा. पण माझ्या गाई शांत उभ्या असतात, दूधही ठीक आहे. त्या सुखात आहेत की नाहीत हे यंत्राविना कसं ओळखायचं? — दूध उत्पादक, फलटण तालुका

गाई शांत उभ्या असतात असं तुम्ही लिहिलंय, म्हणून पहिली तपासणी त्याचीच करा. दुभती गाय २४ तासांत साधारण १० ते १२ तास बसते. बसून रवंथ करते, खुरांवरचा भार हलका करते. वैरण आणि बसणं या दोन्हींपासून काही तास लांब ठेवलेल्या गाई मोकळ्या सोडल्यावर आधी बसायला जातात, असं प्रयोगांत दिसलं आहे. बसण्याची गरज इतकी मोठी आहे. म्हणून उभी गाय शांत दिसली तरी एवढ्यावर निष्कर्ष काढू नका.

जुना मोबाईल गोठ्याच्या कोपऱ्यात उंच बांधा आणि दर १० मिनिटांनी एक फोटो निघेल असं ॲप लावा. रात्री मंद दिवा पुरतो. २४ तासांत १४४ फोटो होतील. एखादी गाय त्यांतल्या ६६ फोटोंत बसलेली असेल, तर तिचं बसणं ६६० मिनिटं, म्हणजे ११ तास झालं. असं दोन दिवस करा. डॉक्टर आले, रेतन झालं किंवा पोळ्याची धामधूम होती, असे दिवस धरू नका. कडक उन्हाळ्यात अंगाला वारा लागावा म्हणून गाई जास्त वेळ उभ्या राहतात, त्यामुळे एप्रिलचा आकडा जानेवारीशी ताडून पाहू नका. ९ तासांच्या खाली बसणाऱ्या गाई निघाल्या तर कारण बहुधा जमिनीत सापडेल. तुम्ही स्वतः त्या कोब्यावर गुडघ्यांवर पडून बघा आणि दहा सेकंद तसेच राहा. तुमचे गुडघे दुखले किंवा ओले झाले, तर गाईचंही तेच होतं, फक्त तिचं वजन चार-पाचशे किलो असतं.

दुसरी गोष्ट बसण्याची क्रिया. युरोपातल्या 'वेल्फेअर क्वालिटी' प्रकल्पात तिची वेळ घड्याळ लावून मोजतात. गाय पुढचा एक गुडघा वाकवून खाली आणू लागली की घड्याळ सुरू करायचं. मागचा भाग जमिनीला टेकून पुढचा पाय अंगाखालून बाहेर आला की बंद. ५.२० सेकंदांपर्यंत ठीक. ६.३० सेकंदांच्या वर गेली तर मामला गंभीर समजतात. बसताना कूस पाईपला किंवा भिंतीला आपटते का, तेही लिहून ठेवा. एकदाच मोजून भागत नाही, निदान सहा वेळा बसणं टिपा.

उठणंही पाहा. गाय मागचे पाय आधी उचलते आणि त्यासाठी डोकं पुढे झोकते. गव्हाणीची भिंत उंच असेल किंवा दावं आखूड असेल, तर डोकं पुढे जात नाही. मग गाय घोड्यासारखी पुढच्या पायांवर आधी उठायला लागते. गोठ्यात अशी एक जरी गाय दिसली तरी दावं लांब करा. तोंड वळवून स्वतःची कूस चाटता येईल इतकं दावं असलंच पाहिजे.

लंगडणं बांधलेल्या गाईत लपून राहतं, कारण ती चालतच नाही. अशा वेळी ती एकच पाय पुन्हा पुन्हा सैल सोडते का, एका पायावरून दुसऱ्यावर भार टाकत राहते का, गटारीच्या कडेवर खुराची टाच अधांतरी ठेवून उभी राहते का, आणि बाजूला सरकवलं तर एखादा पाय टेकायला कचरते का, हे बघायचं. मागच्या पायाच्या मधल्या सांध्यावरचे केस गेलेत का, तिथे गाठ किंवा जखम आहे का, हे हात लावून पाहा. लांबून वाळलेलं शेण आणि जखम सारखीच दिसते.

शेवटी माणसाची भीती. गव्हाणीसमोर २ मीटरवरून सरळ गाईकडे चाला, सेकंदाला एक पाऊल. हात पुढे तिरका, तळवा खाली, नजर तिच्या डोळ्यांत रोखायची नाही. ती तोंड मागे घेईल त्या क्षणी हात आणि नाकपुडी यांतलं अंतर किती होतं ते नोंदवा. हात लागू दिला तर उत्तम. अर्ध्या मीटरपर्यंत मागे घेतलं तर चालेल. एक मीटरच्या पलीकडूनच बिचकणाऱ्या गाई जास्त निघाल्या, तर धार काढणाऱ्याची वागणूक पाहा. त्रास देणारा माणूस नुसता जवळ उभा असला तरी गाय पान्हा पूर्ण सोडत नाही आणि कासेत दूध मागे राहतं, हेही प्रयोगांत मोजलं गेलं आहे.

आता मुक्त गोठा. गाईमागे ३.५ चौरस मीटर छपराखाली आणि ७ चौरस मीटर मोकळं, असं आपल्याकडचं मानक आहे. तुमच्या चौदा गाईंना साधारण ५३० चौरस फूट छप्पर आणि १,०५५ चौरस फूट मोकळं आवार लागेल. गव्हाण गाईमागे सुमारे ६० सेंमी, म्हणजे एकूण ८.४ मीटर धरा. गोठा फसतो तो दोन कारणांनी. पाण्याची टाकी एकच आणि कोपऱ्यात असते, मग दांडग्या गाई तिथे उभ्या राहतात आणि पहिल्या वेताच्या कालवडी तहानलेल्या राहतात. दोन ठिकाणी पाणी ठेवा. दुसरं कारण पावसाळ्यातला चिखल. मुरूम टाकून उतार काढला नाही, तर खुरं कुजतात आणि दगडी, म्हणजे कासेचा दाह, वाढते. मग लोक मुक्त गोठ्याला नावं ठेवतात. एवढा खर्च आत्ता जमत नसेल, तर जाड रबर मॅट, लांब दावं, गव्हाणीत चोवीस तास पाणी आणि रोज दोन-तीन तास मोकळं सोडणं, इथून सुरुवात करा. महिन्याभराने पुन्हा १४४ फोटो काढा.

प्रश्न : जनावराला काय आवडतं ते आम्हाला कळतं, असं म्हणणं शास्त्रीय आहे का? आपण आपल्याच भावना त्याच्यावर लादतो असं नाही होत? — जीवशास्त्राचे शिक्षक, चिपळूण

लादतो, आणि त्याचं पुस्तकी उदाहरण ब्रिटनमधलं आहे. रूथ हॅरिसन यांनी १९६४ मध्ये बंदिस्त पशुपालनावर टीकेचं पुस्तक लिहिलं. त्यावर उठलेल्या गदारोळामुळे सरकारने ब्रॅम्बेल समिती नेमली आणि १९६५ मध्ये तिचा अहवाल आला. पिंजऱ्यातल्या कोंबड्यांच्या पायाखाली बारीक षट्‌कोनी जाळी नको, जाड गजांची चौकोनी जाळी हवी, असं समितीने सुचवलं. माणसाच्या डोळ्याला ते बरोबर वाटतं. पुढे १९७३ मध्ये ह्यूज आणि ब्लॅक या संशोधकांनी कोंबड्यांनाच दोन्ही जाळ्यांतून निवड करू दिली, तेव्हा कोंबड्या बारीक जाळीवर जाऊन उभ्या राहिल्या. तिथे पंजाला जास्त ठिकाणी आधार मिळतो. समितीतले लोक जाणते होते, हेतूही चांगला होता. कोंबडीला विचारायचं तेवढं राहून गेलं होतं.

पण नुसती निवड पुरेशी नाही. प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक मॅरियन डॉकिन्स यांच्या प्रयोगात पिंजऱ्यात वाढलेल्या कोंबड्यांनी पहिल्या खेपेला मोकळ्या जागेपेक्षा पिंजराच निवडला. काही फेऱ्यांनंतर त्या मोकळ्या जागेकडे वळल्या. ओळखीचं ते बरं वाटतं, इतकाच पहिल्या निवडीचा अर्थ होता. तुमच्या विद्यार्थ्यांनी शाळेत असा प्रयोग केला, तर पहिल्या दिवसाचे आकडे बाजूला ठेवायला सांगा आणि डावी-उजवी बाजू रोज अदलाबदल करा. प्राण्याला एका बाजूची सवय असू शकते.

खरी ताकद कळते ती किंमत मोजायला लावल्यावर. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात गाईंना वजन लावलेलं फाटक ढकलून बाहेर जावं लागेल अशी सोय केली आणि वजन वाढवत नेलं. ताज्या चाऱ्यासाठी त्या जितकं वजन ढकलत होत्या, साधारण तितकंच कुरणात जाण्यासाठीही ढकलत होत्या. २०१७ साली हे काम छापून आलं. यात माणसाची भावना कुठे लादली सांगा! वजन किलोत आहे आणि ढकललंय गाईने. एक मर्यादा मात्र वर्गात सांगाच. आवडतं ते सगळं हिताचं असतंच असं नाही. धान्याची कोठी उघडी सापडली तर गाय पोट फुगेस्तोवर खाते. म्हणून निवड, आरोग्य आणि वागणूक, तिन्ही एकत्र पाहतात.

प्रश्न : एम.ए.च्या प्रबंधासाठी प्राण्यांच्या वापराबद्दल लोकांचा दृष्टिकोन मोजायचा आहे. परदेशी प्रश्नावली मराठीत आणून गुगल फॉर्म व्हॉट्सॲपवर फिरवणार आहे. ४०० उत्तरं पुरतील ना? — विद्यार्थिनी, पुणे

आकडा ठीक आहे, वाट चुकीची आहे. ३८४ उत्तरांत ५ टक्के कमी-जास्त अचूकता मिळते, पण ती चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या लोकांत. व्हॉट्सॲपवर तुमच्या ओळखीचे, त्यातही या विषयावर आधीच मत असलेले भरतात. तिथे चार हजार आले तरी चूक तीच राहते. आणि ३८४ लोक शहर-गाव असे निम्मे वाटले, तर प्रत्येक गटाची अचूकता ७ टक्के कमी-जास्त इतकी घसरते. त्यापेक्षा दोन प्रभाग आणि दोन गावं घ्या, मतदार यादीतून ठरावीक अंतराने घरं निवडा, कागदावर भरून घ्या आणि पाकीट बंद करून द्यायला सांगा. समोरच्याच्या तोंडावर 'मला जनावरांचं काही वाटत नाही' असं कोणी म्हणत नाही.

आता प्रश्नावली. बहुतेक जण हरझॉग आणि सहकाऱ्यांची १९९१ची, २० विधानांची मोजपट्टी घेतात. ती चांगली आहे, पण तिच्यात देवमाशांची शिकार, रोडिओ (घोड्या-बैलांवर स्वार होण्याचे खेळ), निवारागृहात मारली जाणारी कुत्री असे अमेरिकेचे विषय आहेत. जुन्नरच्या एखाद्या बाईने त्यावर काय म्हणावं? हौसेची शिकार आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्याने बंद आहे, सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवरची चाचणी २०१४ पासून बंद आहे. अशी विधानं ठेवलीत, तर उत्तर देणारा कायदा आठवून उत्तर देईल. गोवंश हत्येवरचं विधान तर टाकूच नका. त्यावर धर्म, पक्ष आणि २०१५चा राज्याचा कायदा बोलतो. जनावराच्या हालअपेष्टांबद्दल त्या माणसाला काय वाटतं ते त्यात बुडून जातं.

आमच्या मते सर्वांत मोठा धोका वेगळाच आहे. त्या मोजपट्टीत मांस, शिकार, प्रयोगशाळा, कातडी, सर्व मिळून एक बेरीज होते. महाराष्ट्रात शाकाहारी घरातला माणूस मारण्याविरुद्धच्या विधानांवर भरपूर गुण मिळवेल. त्याच माणसाला रोजच्या दुधाची म्हैस जन्मभर एका खुंट्याला असते किंवा तिचं पारडं दुधाविना मरतं, याचं काही वाटत नसेल, आणि बेरजेत ते दिसणारच नाही. उलट शेळ्या पाळून विकणारी धनगर बाई मांसाच्या विधानांवर कमी गुण मिळवेल, पण शेळीला ऊन लागलं तर तिचा जीव खालीवर होतो. म्हणून दोन वेगळ्या मोजपट्ट्या करा. एक जीव घेण्याबद्दलची, दुसरी जगताना मिळणाऱ्या वागणुकीबद्दलची. त्यांची बेरीज करू नका, परस्परसंबंध तपासा. तुमच्या प्रबंधातला सर्वांत मोलाचा तक्ता बहुधा तोच ठरेल.

भाषांतर दोघींनी स्वतंत्र करावं, तिसऱ्या व्यक्तीने मूळ न बघता उलट इंग्रजीत न्यावं, मग ताडून पाहा. त्यानंतर आठ-दहा लोकांना शेजारी बसवून प्रत्येक विधान मोठ्याने वाचायला लावा आणि 'यातून तुम्हाला काय समजलं' एवढंच विचारा. 'बैलांना राबवणं आणि शर्यतीत पळवणं चूक आहे' अशी दोन गोष्टींची विधानं इथे लगेच पकडली जातात. निम्मी विधानं उलट्या अर्थाची ठेवा, कारण भिडेखातर सगळ्याला 'हो' म्हणणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. मताच्या आधी माहिती विचारा. दुधाची म्हैस दिवसातले किती तास बांधलेली असते असं वाटतं? कुरणात चरणारी म्हैस डोळ्यांसमोर ठेवून दिलेलं मत आणि खुंट्याची म्हैस पाहून दिलेलं मत एकत्र मोजता येत नाही.

जमलं तर प्रश्नावलीच्या दोन आवृत्त्या काढून घरांत आळीपाळीने वाटा. बास्टियन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये लोकांना गाय-मेंढीची चित्रं दाखवली. काहींना सांगितलं की ही दुसऱ्या कुरणात चरायला जाणार, काहींना सांगितलं की ही कत्तलखान्यात जाणार. दुसऱ्या वेळी त्याच मांसाहारी लोकांनी त्याच जनावराची समज आणि भावना कमी लेखली. खाण्याच्या विचाराने मत बदलतं, जनावर तेच राहतं. आपल्याकडे बोकडावर हे करून बघण्याजोगं आहे. सुरुवातीआधी विभागाच्या नीतिसमितीची परवानगी मात्र घ्या.

प्रश्न : मी मोकळ्या गाईंचं दूध बाटलीतून विकतो. सुरू करण्याआधी विचारलं, तेव्हा जवळपास सगळ्या रतीबवाल्यांनी लिटरला दहा रुपये जास्त देऊ असं सांगितलं होतं. आता घेणारे मोजकेच आहेत. लोक खोटं का बोलतात? — दूध विक्रेता, नाशिक

खोटं बोलले असं आम्ही म्हणणार नाही. विचारलं तेव्हा त्यांना तसंच वाटत होतं आणि 'हो' म्हणायला पैसे पडत नव्हते. युरोपीय संघाच्या २०१६च्या पाहणीत ९४ टक्के लोकांनी पाळीव पशूंचं कल्याण महत्त्वाचं मानलं. त्यासाठी जास्त पैसे द्यायला ५९ टक्के तयार होते, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिकांची तयारी ५ टक्क्यांपर्यंतच होती. तुमचा दूधदर ६० रुपये धरला तर ५ टक्के म्हणजे ३ रुपये. तुम्ही मागितले १०.

मतदान आणि खरेदी यांतही असाच फरक आहे. कॅलिफोर्नियात २००८ साली कोंबड्यांच्या अरुंद पिंजऱ्यांविरुद्धचा प्रस्ताव सुमारे ६३ टक्के मतांनी संमत झाला. त्याच वेळी दुकानांतून खपणाऱ्या अंड्यांत पिंजरामुक्त अंड्यांचा वाटा अगदी थोडा होता. हा नियम म्हणूनही धरू नका. स्वित्झर्लंडमध्ये सप्टेंबर २०२२ मध्ये बंदिस्त पशुपालन हटवण्याचा प्रस्ताव जवळपास ६३ टक्क्यांनी फेटाळला गेला. तिथले नियम आधीच कडक आहेत, आणि भाववाढीचा मुद्दा प्रचारात होता. माणूस नागरिक म्हणून एक विचार करतो, पिशवी हातात घेतल्यावर दुसरा.

पुढच्या वेळी तोंडी विचारूच नका. महिन्याच्या रतिबाची आगाऊ रक्कम घ्या आणि तेवढेच गिऱ्हाईक धरा. चालू दुकानात दोन्ही बाटल्या शेजारी ठेवा. फरक एका आठवड्यात ३ रुपये, दुसऱ्यात ६, तिसऱ्यात १० असा फिरवा, निदान आठ-नऊ आठवडे. फळीवरची जागाही बदलत राहा, कारण डोळ्यासमोरची बाटली आधी उचलली जाते. सणाचा आठवडा हिशेबातून काढा. आणि बाटलीवर नुसतं 'आनंदी गाई' लिहू नका. 'गाई रोज इतके तास मोकळ्या, गोठा रविवारी बघायला खुला' असं लिहा. तपासता येणाऱ्या गोष्टीला लोक पैसे देतात.

प्रश्न : आमच्या सोसायटीने भटक्या कुत्र्यांना खाऊ घालण्याबद्दल व्हॉट्सॲपवर मतदान घेतलं. 'नको'वाले खूप पुढे आहेत. हे मत धरायचं का? — सचिव, गृहनिर्माण संस्था, ठाणे

नाही. कोणी काय मत दिलं हे सर्वांना दिसतं, आधी पडलेली मतं पाहून पुढची पडतात, आणि ज्येष्ठ, भाडेकरू, घरकामाच्या बाया त्या गटात नसतात. शिवाय 'हवं की नको' हा प्रश्नच चुकीचा आहे. प्राणी जन्मनियंत्रण नियम २०२३ प्रमाणे आवारातल्या कुत्र्यांना खाऊ घालण्याची जागा ठरवण्याची जबाबदारी रहिवासी संघटनेवर येते. ती मुलांच्या खेळण्याची जागा, जिने आणि ये-जा करण्याचे दरवाजे यांपासून लांब असावी. म्हणून जागा कुठे आणि वेळ कोणती, हे घरोघरी कागदावर विचारा. सोबत कुत्री मोजा. नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला खाच असते. खाच नसलेली किती उरली, हा आकडा पालिकेकडे न्यायचा.

प्रश्न : बैलगाडा शर्यतींना सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली. आता त्यात संशोधनाला काय उरलं? आम्ही बैलाला पोटच्या पोरासारखं जपतो. — शर्यतप्रेमी, सांगली जिल्हा

२०१४ची बंदी, २०१७ची राज्याची दुरुस्ती, डिसेंबर २०२१ची परवानगी आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने दिलेला निकाल, या सगळ्यात कायदा वैध आहे का ते ठरलं. तुमच्या अमुक बैलाला अमुक फेरीत किती ताण आला, ते कुठल्याच निकालातून कळत नाही. वर्षभराचा खुराक, अंघोळ, मालिश यांत तुमचं प्रेम दिसतं, ते खरंच आहे. फेरीतली धाव त्याहून निराळी मोजावी लागते.

मोजणं अवघड नाही. धावण्याआधी सावलीत, धाव संपताच, मग ३० आणि ६० मिनिटांनी कुशीची हालचाल अर्धा मिनिट मोजून दुप्पट करा. निवांत बैल मिनिटाला साधारण १० ते ३० श्वास घेतो. गुदद्वारातलं तापमान ३८ ते ३९.३ अंश सेल्सिअस असतं. एका तासाने दोन्ही मूळ जागी आले नाहीत, तर त्या बैलाची त्या दिवशीची पुढची फेरी रद्द करा. शेपटीचे मणके बोटांनी चाचपा, सूज किंवा वाक लागला तर ती पिरगळलेली असते. पुठ्ठ्यावरचे वळ, टोचल्याच्या खुणा, नाकातलं रक्त यांचे फोटो फेरीआधी आणि फेरीनंतर काढा. नोंद करणाऱ्याला बैल कोणाचा हे माहीत नसावं, नाहीतर ओळखीच्या मालकाच्या बैलाचे वळ दिसेनासे होतात. आणि यात्रा कमिटीने डॉक्टरांची खुर्ची दाखले द्यायच्या टेबलापाशी, म्हणजे घाटाच्या (शर्यतीच्या धावपट्टीच्या) सुरुवातीला मांडायची सोडून जिथे बैल सोडवले जातात त्या टोकाला मांडावी.